दुसरी खेप



शिबिरात तपासणी होते. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट येतो. सिस्टर कागद हातात देतात आणि म्हणतात, "काळजीचं काही नाही, पण मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या." या एका वाक्यानं बाईची झोप उडते. काळजीचं नाही, मग दाखवायचं कशाला? आणि दाखवायचं, म्हणजे काहीतरी असणारच ना? घरात सांगावं की नको? लग्नाला पंधरा दिवस राहिलेत, भाताची लावणी तोंडावर आहे, रजा मिळत नाही. मग तो कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो आणि तिथंच राहतो.

गटांच्या मीटिंगांमध्ये मला हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो. म्हणून आजच्या भाषणात या दुसऱ्या खेपेचा इतिहास सांगणार आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांनी ही वाट कशी तुडवली, कुठं अडली, कुठं भलतीकडे गेली, हे कळलं की आपल्या मनातला गोंधळ थोडा निवळतो.

सुरुवात पहिल्या खेपेपासून करू, कारण तीसुद्धा सोपी नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे बाईला तपासायला बाईच नव्हती. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायची तरी संकोच, मग अंगावरून जातं हे कोण सांगणार? आनंदीबाई जोशींचं बाळ जन्मल्यावर दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढं त्या अमेरिकेला गेल्या. जाण्याआधी १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी भर सभेत सांगितलं की या देशात बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात म्हणून मी चालले आहे. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात वारल्या. त्यांना दवाखाना चालवायला मिळालाच नाही.

पण त्याच १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायका आणि मुलांसाठी. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी पैसा दिला आणि इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर एडिथ पीची तिथं कामाला लागल्या. याच पीचीबाईंनी रखमाबाईंना विलायतेला जाऊन शिकायला पाठबळ दिलं. बालपणी लावून दिलेल्या लग्नाला कोर्टात नकार देणाऱ्या त्याच रखमाबाई. १८९४ मध्ये त्यांचं शिक्षण पूर्ण झालं आणि पुढं सुरतेला त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले. बाईला तपासून घ्यायला बाई मिळू लागली ती अशी.

पण तपासणी म्हणजे काय, तर तेव्हा दुखणं झाल्यावर दाखवणं. दुखणं होण्याआधीच तपासायचं, ही कल्पना नंतरची. ग्रीस देशातून न्यूयॉर्कला गेलेले एक डॉक्टर होते, जॉर्ज पापानिकोलाऊ. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हलक्या हातानं खरवडून काचेवर घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर कॅन्सर होण्याआधीचे बदल दिसतात, हे त्यांनी दाखवलं. १९२८ मध्ये त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा मांडली तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४३ मध्ये पुस्तक आलं, मग जगाला पटलं. त्यांच्याच नावावरून आपण 'पॅप' तपासणी म्हणतो. या शोधामागे त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी होत्या. त्या नवऱ्याच्या प्रयोगशाळेत काम करायच्या आणि कित्येक वर्षं त्यांनी स्वतःचेच नमुने तपासायला दिले. पुस्तकावर नाव नवऱ्याचं, पण काचेवरचा नमुना बाईचा.

आता आपल्या गावांकडे येऊ. १९८० च्या दशकात डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग गडचिरोलीत गेले. तेव्हा सरकारी दवाखान्यात बाईकडे पाहिलं जायचं ते बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरतंच. बंग दांपत्यानं वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता. एकेकीला सरासरी तीनपेक्षा जास्त आजार. त्यातले जवळपास निम्मे जंतुसंसर्गाचे, म्हणजे औषधगोळ्यांनी बरे होण्यासारखे. आणि याआधी कधी तपासून घेतलं होतं अशा बायका किती? शंभरात फक्त आठ.

आणखी एक गोष्ट त्यात होती. तक्रार सांगणाऱ्या बायका होत्या शंभरात ५५. बाकीच्या म्हणत होत्या की आम्हाला काही होत नाही. म्हणजे आजार असूनही 'काही होत नाही' म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या. त्या काही खोटं बोलत नव्हत्या. पांढरं जाणं, कंबर भरून येणं, ओटीपोटात दुखणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं आईनं सांगितलेलं, आजीनं सांगितलेलं. जे सगळ्यांनाच असतं त्याला दुखणं कोण म्हणणार? तेव्हा 'मला तर काहीच त्रास नाही, मग परत कशाला बोलावलं' असं वाटलं, तर या दोन गावांतल्या बायका आठवा.

यानंतरची वाट जाते बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगावी जाऊन कुणाला कोणता कॅन्सर झाला, ते लिहून ठेवायला लागले. त्या नोंदींतून दिसलं की खेड्यातल्या बायकांमध्ये पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त, आणि बाई दवाखान्यात पोचते तेव्हा उशीर झालेला असतो.

मग १९९९ च्या ऑक्टोबरात शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, फार मोठं काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि परदेशातले तज्ज्ञ यांनी मिळून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांना या अभ्यासात घेतलं. गावांचे ५२ समूह केले आणि त्यांचे चार गट पाडले. एका गटाची पॅप तपासणी. दुसऱ्या गटात पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं तसलं व्हिनेगर, आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. याला दवाखान्यात 'व्हीआयए' म्हणतात. तिसऱ्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी. हा विषाणू बहुतेकांना केव्हा ना केव्हा होऊन जातो आणि शरीर स्वतःच त्याला घालवतं. काही जणींमध्येच तो ठाण मांडून बसतो आणि बऱ्याच वर्षांनी कॅन्सर करतो. हे नातं दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही, नेहमीची आरोग्यसेवाच मिळाली.

आता यातले आकडे जरा कान देऊन ऐका, कारण कपाटातल्या त्या कागदाचं उत्तर यात आहे. व्हिनेगरच्या चाचणीत शंभरातल्या चौदा जणींना डाग दिसला, म्हणजे पुढच्या तपासणीची गरज निघाली. एचपीव्ही चाचणीत शंभरातल्या दहा जणींना, पॅपमध्ये सात जणींना. पण खरोखर मोठा बदल झालेल्या निघाल्या त्या तिन्ही गटांत शंभरात एखादीच. म्हणजे चौदा जणींना पुढं पाठवलं तर त्यातल्या तेरा जणींचं गंभीर काही नव्हतं! सूज असते, जंतुसंसर्ग असतो, जुनी जखम असते, तिथंही डाग दिसतो.

पहिली चाचणी ही चाळणीसारखी असते. पीठ चाळताना वर राहतो तो सगळा खडाच नसतो, त्यात कोंडाही असतो. म्हणून वर राहिलेलं ताटात घेऊन नीट निवडावं लागतं. मोठ्या डॉक्टरांकडची तपासणी म्हणजे हे निवडणं. 'पुढं दाखवा' म्हणजे 'कॅन्सर आहे' असं नव्हे. पण न निवडता सगळं फेकता येत नाही आणि न निवडता भाकरीही करता येत नाही.

या अभ्यासाचा निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये आला. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. गट जवळपास सारख्याच संख्येचे, आणि चाचणी फक्त एकदाच केलेली. बाकीच्या दोन गटांत असा स्पष्ट फरक दिसला नाही.

मग व्हिनेगरची चाचणी बिनकामाची का? तर नाही. १९९८ पासून टाटा हॉस्पिटलनं मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये तीच चाचणी करून पाहिली होती. डॉक्टर सुरेंद्र शास्त्री त्या कामाचे प्रमुख. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख बायका. चाचणी करायला डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनीच वस्तीत जाऊन तपासण्या केल्या. आणि एकदा नाही, दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा. निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. देशभर असं केलं तर वर्षाला २२,००० बायका वाचतील असा अंदाज त्यांनी मांडला. चाचणी साधी असली तरी ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा केली आणि पुढं पाठपुरावा केला तर जीव वाचतो, हे यातून दिसलं.

या दोन्ही अभ्यासांवर पुढं टीकाही झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी न करणं हे योग्य होतं का, असा प्रश्न जाणकारांनी विचारला. तो प्रश्न रास्त आहे आणि आपण तो विसरू नये. आज जगभर एचपीव्ही चाचणीला जे महत्त्व आलं आहे, त्यात धाराशिवच्या शेतकरीणबायांचा वाटा आहे, तपासलेल्यांचाही आणि न तपासलेल्यांचाही.

मुंबईच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोलावलेल्या बायकांपैकी शंभरातल्या ८९ जणी पहिल्या तपासणीला आल्या. पण ज्यांना पुढच्या तपासणीला या म्हणून सांगितलं, त्यांच्यातल्या आल्या शंभरातल्या ७९. म्हणजे पाचातली एक बाई दुसऱ्या खेपेला आलीच नाही. वस्तीत येणारी कार्यकर्ती ओळखीची, पाठीशी टाटासारखी संस्था, तरीही! मग जिथं शिबिर एका दिवसात आटोपतं आणि पुन्हा कुणी विचारायला येत नाही, तिथं काय होत असेल?

ही झाली न जाणाऱ्या बाईची गोष्ट. आता दुसऱ्या टोकाची ऐका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी आली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरातल्या सतरा जणींची. फडावर ना मोरी ना आडोसा, पाळीत काम चुकलं की खाडा आणि त्याचा दंड, मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात जायची. तिथं पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं ऐकायला मिळालं म्हणून कितीतरी जणींनी सांगितलं. एक सोनोग्राफी आणि लगेच ऑपरेशन. निवडणं झालंच नाही, चाळणीत राहिलं ते सगळं फेकलं. पंचविशी-तिशीत पिशवी गेली, सोबत बीजकोश काढले तर अंगाची लाही होते, हाडं लवकर ठिसूळ होतात.

त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असं ठरलं. देशपातळीवरही एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशवी काढणं थांबवण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा.

मैत्रिणींनो, एकीनं भीतीपोटी कागद कपाटात ठेवला, दुसरीनं भीतीपोटी पिशवी काढून टाकली. दोघींना मध्ये एक पायरी मिळायला हवी होती, जिथं कुणीतरी नीट बघून, नीट समजावून सांगेल. तीच ही दुसरी खेप.

तिथं होतं काय, तेही सांगते, कारण माहीत नसलं की भीती वाढते. कॉल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीनं पिशवीचं तोंड मोठं करून बघणं. दुर्बीण बाहेरच असते. शंका वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात, ती बायोप्सी. थोडं चिमटा घेतल्यासारखं वाटतं, एखाद-दोन दिवस डाग लागतो. बदल दिसलाच तर तेवढाच भाग थंडीनं, उष्णतेनं किंवा तारेच्या कडीनं काढता येतो, पिशवी शाबूत राहते. आणि बदल होऊन त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे घाबरून आज रात्रीच धावायचं कारण नाही, पण 'बघू पुढच्या वर्षी' म्हणायलाही वाव नाही.

मात्र पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर शिबिराची वाट बघू नका. लगेच दाखवा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, हे बऱ्याच जणींचं होतं. म्हणून घरूनच लिहून न्या. माझी कोणती चाचणी झाली आणि तिच्यात नेमकं काय दिसलं? पुढची तपासणी कशासाठी आणि किती दिवसांत करायची? औषधानं बरं होण्यासारखं आहे का? ऑपरेशन सांगत असाल तर ते नाही केलं तर काय होईल, आणि दुसरा उपाय कोणता? हे विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. आणि पिशवी काढायची म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या.

आपल्या नवी मुंबईच्या बाजूला तर आता सोय जवळ आली आहे. टाटाचं संशोधन केंद्र २००२ मध्ये परळहून खारघरला आलं आणि तिथं रुग्णालयही आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, त्यामुळे उरणच्या गावांतल्या बाईला निम्मा दिवस एसटीत काढावा लागत नाही. गावात आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरच्या बायकांची तपासणी व्हायला हवी असा कार्यक्रम २०१६ पासून आहे, आशाताईंना विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून आधीच चौकशी करा. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी करून घेतलेली होती. गडचिरोलीतल्या त्या शंभरातल्या आठ जणी आठवा. चाचण्या वेगळ्या, पण तीस वर्षांनीही गोष्ट तीच.

यात गट काय करू शकतो? पुष्कळ. आपण कर्जाचा हप्ता कुणाचा राहिला ते दर महिन्याला वाचतो. तसं शिबिरानंतर कुणाची दुसरी खेप राहिली, हे अध्यक्ष किंवा सचिवानं त्या बाईला एकटीला गाठून विचारावं. मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे नाही. रिपोर्ट तिचा आहे, तो गावभर होता कामा नये. जाण्यायेण्याला पैसे नसतील तर अंतर्गत कर्जातून लगेच काढून द्यावेत. सोबतीला एक जण ठरवावी, जिला आधी जाऊन आल्याचा अनुभव आहे. केसपेपर, जुने रिपोर्ट, आधारकार्ड आणि रेशनकार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं. त्या दिवशी तिच्या लेकराला शाळेतून कोण आणणार आणि गुरांना पाणी कोण दाखवणार, हेही ठरवून टाकावं. बाईची दुसरी खेप बऱ्याचदा आजारापेक्षा या कामांनीच अडते.

आणि घरी गेल्यावर आज एवढं करा. कपाट उघडा, साड्यांच्या घडीखाली एखादा कागद आहे का बघा. असला तर त्यावरची तारीख वाचा, आणि उद्या आशाताईंकडे किंवा गटातल्या एखादीकडे घेऊन जा.